वनाज ते रामवाडी: गाडी नसणाऱ्या मुलीचा पुणे मेट्रो रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. नुसत्या गाडीला पाच दिले असते, स्टेशनांना साडेचार, पण रामवाडीला उतरल्यावर पुढे जे काय सुरू होतं त्यासाठी एक कापलाय आणि तो का कापला ते खाली सविस्तर लिहिलंय. मी मूळची बार्शीची, नोकरी खराडीत, राहते कोथरूडला वनाज स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, चौघी जणींनी मिळून टू बीएचके घेतलाय, आणि माझ्याकडे स्कूटी नाही.

पुण्यात या शेवटच्या गोष्टीला लय महत्त्व आहे. इथे नवीन आलं की लोक आधी विचारतात कुठची, आणि त्याच्यानंतर लगेच विचारतात गाडी आहे का. कारण सगळं शहर गाडी धरूनच चालतं. ब्रोकर म्हणतो रूम मेन रोडपासून दोन मिनिटांवर आहे, ते दोन मिनिटं गाडीवरचे असतात, चालत पंधरा लागतात आणि फूटपाथ कधी असतो कधी नसतो. ऑफिसात कुणी म्हणालं संध्याकाळी एफसी रोडला भेटू तर त्यांच्यासाठी ते चावी उचलून निघायचं काम असतं, आपल्यासाठी बस कुठली, रिक्षा मिळेल का, मिळाली तर तो मीटरने येईल का आणि परत कसं यायचं, एवढं सगळं असतं. बरेच जण पहिल्या पगारात हप्त्यावर गाडी घेतात. मला घ्यायची नव्हती, घरी पैसे पाठवायचे असतात आणि नगर रोडच्या त्या ट्रॅफिकमध्ये गाडी चालवायची हिंमतही नाही असं घरच्यांनी स्पष्ट सांगितलेलं, म्हणजे त्यांची हिंमत नाही मला चालवू द्यायची. त्यामुळे हा रिव्ह्यू माझ्यासारख्यांसाठी आहे. ज्यांच्याकडे दुचाकी आहे आणि ज्यांना दहा किलोमीटर दहाच मिनिटांत हवेत त्यांना यातलं काही पटणार नाही.

खराडीतच रूम का नाही घेतली हे मला सगळेच विचारतात. घेता आली असती. पण तिकडे मोठमोठ्या सोसायट्या, डिपॉझिट जास्त, आणि मी बघितलेल्या रूम दर डोई कोथरूडच्या जवळपास दीडपट पडत होत्या. इकडे खाली उतरलं की मेस आहे, मेसच्या काकू आजारी पडलं तर मऊ भात करून देतात, भाजीवाल्या मावशी दहाची कोथिंबीर पण नीट निवडून देतात, दवाखाना आहे, लायब्ररी आहे, आणि आई येऊन बघून गेली तेव्हा ती म्हणाली हां, इथे राह. आई म्हणाली म्हणजे विषय संपला. मग प्रश्न एवढाच राहिला की कोथरूड पुण्याच्या पश्चिमेच्या टोकाला आणि खराडी पूर्वेच्या, रोज जायचं कसं.

माझ्या रूममेटनी हे सगळं मेट्रो नसताना केलेलं आहे, ती सांगते तेव्हा अंगावर येतं. वनाज ते गरवारे कॉलेज एवढाच तुकडा ६ मार्च २०२२ ला सुरू झाला, तेव्हा लोक कुटुंबासकट नुसते बसून फोटो काढायला जायचे कारण त्या पाच स्टेशनांत कामाला जायचं तरी कुठे. मग १ ऑगस्ट २०२३ ला ती पुढे डेक्कन, मनपा, सिव्हिल कोर्ट, पुणे स्टेशन करत रूबी हॉलपर्यंत गेली, आणि ६ मार्च २०२४ ला रामवाडीपर्यंत. येरवडा स्टेशन तर अजून मागाहून, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उघडलं. म्हणजे रूममेट २०२२ पासून रोज कर्वे रोडवरून बसनी मनपा, तिथून दुसरी बस नगर रोडला, पावसाळ्यात दोन-दोन तास, आणि तिच्या ऑफिसात तीन लेट मार्कला अर्धा दिवस कापायचे. मी आले तेव्हा रामवाडीची लाइन सुरू झालेली होती, त्यामुळे मला आयतं मिळालं.

आता प्रवासाबद्दल. वनाज पहिलं स्टेशन असल्यामुळे सकाळी जागा मिळते, हा वनाजला राहण्याचा सगळ्यात मोठा फायदा आहे, आनंदनगर आणि आयडियल कॉलनीपर्यंत ठीक, नळस्टॉपला भरायला लागते आणि सिव्हिल कोर्टला तर पिंपरीकडून येणारे सगळे चढतात. गाडी तीनच डब्यांची आहे. त्यातला एक बायकांसाठी राखीव. ऑफिसच्या वेळेला सहा-सात मिनिटांनी गाडी असते त्यामुळे एक गेली तर जीव खालीवर होत नाही. वनाज ते रामवाडी सोळा स्टेशनं, पंधरा-एक किलोमीटर, पस्तीस मिनिटांच्या आसपास. यातली सगळ्यात भारी गोष्ट वेग नाहीये, ती रोज तेवढीच वेळ लागते ही आहे. पाऊस असो, पालखी असो, कुणाची सभा असो, लग्नसराई असो, पस्तीस म्हणजे पस्तीस. मी आठ पंचवीसला घरातून निघते, आठ चाळीसच्या आसपासची गाडी पकडते आणि सव्वानऊला रामवाडीत असते. शहरात नवीन असताना आपल्या हातात तशीही कुठलीच गोष्ट नसते, घरमालक, मॅनेजर, गॅस सिलेंडर, पाणी कधी येणार कधी जाणार सगळं दुसऱ्याच्या मर्जीवर. त्यात सकाळचा हा एक तुकडा खात्रीचा मिळणं याची किंमत मला तिकिटापेक्षा खूप जास्त वाटते.

आणि खिडकीतून दिसतं ते वेगळंच. नळस्टॉपला खाली रस्ता, मध्ये फ्लायओव्हर, वर मेट्रो, आणि खालच्या सिग्नलला अडकलेल्या गाड्या बघून मी खरंच देवाचे आभार मानते. डेक्कनच्या पुढे लाइन मुठेच्या कडेकडेनी जाते. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, बातम्यांत दरवर्षी येतं ते मी डेक्कनला वरून बघितलं, चॉकलेटी पाणी नुसतं घुसळत चाललेलं आणि पुलाचा पत्ताच नाही, आख्खा डबा एका बाजूच्या खिडक्यांना. त्या दिवशी ऑफिसातले निम्मे लोक अडकले आणि मी वेळेत. दुष्काळी भागातून आलेल्या माणसाला एवढं पाणी रोजच्या रस्त्यात दिसणं हे काय असतं ते पुणेकरांना सांगून कळणार नाही. मी घरी व्हिडिओ कॉल लावून दाखवला तर पप्पा म्हणाले तेवढं आमच्याकडे वळवा म्हणावं.

पैशांचं सांगते. तिकीट कमीत कमी १० रुपये आणि जास्तीत जास्त ३५, वनाज ते रामवाडी ३०. मेट्रोचं कार्ड असेल तर आठवड्यात १० टक्के सूट, शनिवार-रविवारी सगळ्यांनाच ३० टक्के. व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर तिकीट निघतं, अ‍ॅपवर पण निघतं, पण रोज जाणाऱ्यांनी सरळ कार्ड घ्या, सकाळी गेटवर उभं राहून नेट शोधत बसलेल्या माणसाच्या मागे रांग तुंबते आणि सगळे चिडतात. महिन्याला बावीस दिवस धरले तर कार्डावर साधारण बाराशे रुपये होतात. हेच रिक्षाचं गणित करा, पुण्यात मीटर पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७, म्हणजे कोथरूड ते खराडी एका वेळेला तीनशेच्या वर. महिन्याचं करून बघायची गरज नाही.

आता तो कापलेला स्टार.

रामवाडीला उतरलं की मेट्रो संपते आणि जुनं पुणे सुरू होतं. माझं ऑफिस तिथून पाच-एक किलोमीटर. पंधरा किलोमीटर पस्तीस मिनिटांत एसीत बसून आलेला माणूस या पाच किलोमीटरसाठी सकाळी पंचवीस मिनिटं आणि संध्याकाळी कधी कधी चाळीस मिनिटं घालवतो. जिना उतरलं की शेअर रिक्षावाले उभे असतात, खराडी खराडी खराडी, मागे तिघं आणि पुढे ड्रायव्हरच्या बाजूला एक अर्धा बाहेर. सीटचे पंचवीस-तीस रुपये घेतात, म्हणजे पंधरा किलोमीटरला तीस आणि पाच किलोमीटरला पण तीस. पावसात तर भाव विचारूच नका. मीटरने चला म्हटलं तर मान वळवतात. मला त्यांचा राग येत नाही असं नाही, येतो, पण त्यांचंही खरं आहे की ज्या चौकात ते अडकून पडतात तिथे मीटर थांबलेलाच असतो. पीएमपीच्या बस आहेत, त्यांच्या अ‍ॅपवर बस कुठे आहे ते दिसतं सुद्धा, हे अ‍ॅप मात्र चांगलं केलंय, त्याच्यातच मेट्रोचं तिकीट पण काढता येतं. पण अ‍ॅपवर बस आलेली दिसते आणि समोर रस्त्यावर ती तीनशे मीटर मागे ट्रॅफिकमध्ये उभी असते. बरं चालत जावं तर फूटपाथवर टपऱ्या, त्यावर लावलेल्या गाड्या, खोदून ठेवलेलं, आणि उलट्या बाजूने येणारे दुचाकीवाले. कोट्यवधी खर्चून वर एवढं देखणं स्टेशन बांधलं आणि खाली माणसाला सुखाने दोनशे मीटर चालता येत नाही, याचं उत्तर ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते द्यायला पाहिजे.

ऑफिसात एक मुलगा फोल्डिंग सायकल घेऊन येतो. मेट्रोत सायकल नेऊ देतात, हे बऱ्याच लोकांना माहीतच नाही. तो रामवाडीला उतरून सायकलवर बसतो आणि आमच्या रिक्षेच्या आधी पोचतो. मला जमेल का माहीत नाही पण डोक्यात आहे.

मुलींसाठी मुद्दाम लिहिते, कारण बाकीच्या रिव्ह्यूंमध्ये हे सापडत नाही. स्टेशनवर टॉयलेट आहेत आणि मी वापरते ती स्वच्छ असतात. घरापासून दीड-दीड तास लांब नोकरी करणाऱ्या बाईला ही केवढी मोठी सोय आहे हे बायकांनाच कळेल, माझ्या रूममेटला बसच्या दिवसांत सकाळी पाणी न पिता निघायची सवय लागली होती. गेटपाशी सिक्युरिटी असते, त्यात बायकाही असतात, प्लॅटफॉर्मवर लख्ख उजेड, कॅमेरे. आधी शेवटची गाडी दहाला होती, तेव्हा मंथ एंडला ऑफिसातून उशीर झाला की धाकधूक व्हायची. २६ जानेवारी २०२५ पासून रात्री अकरापर्यंत केली. या एका तासानी माझं आयुष्य बदललं म्हटलं तर जास्त वाटेल पण खरंच बदललं, आता मंथ एंडला थांबते तेव्हा टीम लीडसमोर सारखं घड्याळ बघावं लागत नाही, आणि शनिवारी मैत्रिणींबरोबर डेक्कनला नाटक बघून आरामात परत येता येतं. मात्र वनाजला उतरल्यावर मेन रोड सोडून आत गल्लीत वळलं की अंधार. तेवढी दहा मिनिटं मी आईला फोन लावूनच चालते, ती झोपलेली असते तरी उचलते.

गावाला जाणाऱ्यांसाठी पण ही मेट्रो आहे. स्वारगेटचं भुयारी स्टेशन २९ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालं आणि आमची सोलापूरकडची एसटी लागते स्वारगेटला, म्हणजे आता स्टँडवरून निघून सिव्हिल कोर्टला गाडी बदलून थेट वनाज. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेट स्टँडवर पहाटे उभ्या बसमध्ये एका मुलीवर अत्याचार झाला त्याच्यानंतर घरच्यांनी मला रात्रीच्या गाडीनं यायला साफ बंदी केली, कारण ती गाडी पहाटे पोचते आणि मेट्रो सहाला सुरू होते, मधला वेळ स्टँडवर काढायचा म्हणजे नकोच. आता रविवारी दुपारची गाडी धरते आणि संध्याकाळी उजेडात मेट्रोत असते. मेट्रो पहाटे पाचला सुरू झाली तर एसटीनं येणाऱ्या किती मुलींची सोय होईल याचा विचार कुणीतरी करावा, ही माझी मनापासूनची मागणी आहे.

सिव्हिल कोर्टबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. स्वारगेटची लाइन जमिनीखाली, तब्बल ३३ मीटर खोल, आणि आपली वनाजची लाइन रस्त्याच्या वर. म्हणजे गाडी बदलायची तर त्या खोलीतून वर, आणि मग अजून वर. सरकत्या जिन्यांवर सरकते जिने. पहिल्यांदा आईला घेऊन गेले तेव्हा तिनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली, जिन्यावर पाय ठेवायचा तिचा धीर होईना, मागे माणसं थांबलेली, पण एकजण पण ओरडला नाही, एका आजोबांनी फक्त सांगितलं, सावकाश, पिवळी रेघ सोडून पाय ठेवा ताई. वर आल्यावर उन्हाचा एक मोठा पट्टा पडलेला असतो तिथे ती जरा थांबली आणि म्हणाली, एवढं खाली होतो होय आपण. लिफ्ट आहेत, सामान असेल तर लिफ्टच घ्या, फक्त पाट्या नीट वाचा, गर्दीत माणसं चुकून बाहेरच्या गेटकडे जातात.

सामानावरून आठवलं. स्टेशनवर प्रत्येक बॅग मशीनमधून जाते. गावाहून येताना माझ्याकडे ज्वारीच्या पिठाची पिशवी, शेंगाची चटणी, कडक भाकरी असं सगळं असतं. स्वारगेटला एकदा सिक्युरिटीच्या ताईंनी बॅग बाजूला घ्यायला लावली, उघडली, चटणीचा वास आला तशा हसल्या आणि म्हणाल्या, "सोलापूरकडची का गं?" म्हटलं बार्शी. "मी मोहोळची," म्हणाल्या, आणि स्वतः चेन लावून दिली. आता मी तिथून जाते तेव्हा त्या आहेत का बघते. असल्या तर एक कडक भाकरीचं पाकीट त्यांचं.

गणपतीत पण मेट्रोनीच वाचवलं. पुण्यातला गणपती मी टीव्हीवर बघितलेला, प्रत्यक्षात पेठांमध्ये गाडी घेऊन शिरायची सोयच नसते त्या दहा दिवसांत. कसबा आणि मंडई दोन्ही स्टेशनं ऐन पेठेत. २०२५ च्या अनंत चतुर्दशीला सकाळी सहाला सुरू केलेली मेट्रो दुसऱ्या दिवशी रात्री अकरापर्यंत सलग ४१ तास चालवली. आम्ही चौघी पहाटे तीनला ढोल ऐकून दमून परत निघालो, डब्यात पाय ठेवायला जागा नाही, सगळ्यांच्या कपाळाला गुलाल, एक छोटी पोरगी बापाच्या खांद्यावर झोपलेली, आणि आम्हाला घरी जायची अजिबात चिंता नाही. कर्मचाऱ्यांना सलाम आहे, रात्रभर उभं राहून गर्दी लाइनीत घेत होते आणि एकाचा आवाज चढला नाही.

पुढचं काय तर वनाज ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली या दोन्ही वाढीव मार्गांना केंद्राने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली, दोन्ही मिळून पावणेतेरा किलोमीटर आणि १३ स्टेशनं. चांगलं आहे, पण मंजुरी आणि गाडीत बसणं यामध्ये काही वर्षं असतात हे पुण्यात सगळ्यांनाच माहितीये, आणि आम्हाला ऑफिस उद्याच आहे. तोपर्यंत रामवाडीला काय हवंय ते अगदी थोडं आहे. सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि संध्याकाळी सहा ते नऊ खराडीला दर दहा मिनिटांनी छोटी बस, स्टेशनच्या जिन्यापाशीच पावसात उभं राहता येईल असा थांबा, शेअर रिक्षाला ठरलेला दर लिहिलेली पाटी, आणि चौकापर्यंत मोकळा फूटपाथ. यातल्या एकालाही बोगदा खणावा लागत नाही.

जी मुलं-मुली नवीन जॉइन होतायत आणि मेसेज करून विचारतात की रूम कुठे बघू, त्यांना सांगते, ऑफिस खराडी, विमाननगर, कल्याणीनगर, येरवडा यापैकी कुठे असेल आणि गाडी नसेल तर या लाइनवर कुठेही रूम बघा, ऑफिसजवळच पाहिजे असं काही नाही. कल्याणीनगर-येरवडावाल्यांना तर पुढचा त्रासच नाही, स्टेशनवरून चालत जा. रूम मात्र गुगल मॅपवर अंतर बघून घेऊ नका, स्टेशनपासून स्वतः चालत जा, आणि रात्री नऊनंतर एकदा परत चालून बघा, दिवे आहेत का, कुत्री आहेत का, दुकानं उघडी असतात का. डिपॉझिट द्यायच्या आधी मेसवाल्या काकूंना पण भेटून घ्या आणि रात्रीचा डबा किती वाजेपर्यंत ठेवतात ते विचारा, कारण खराडीतून साडेसातला निघालं तरी घरी पोचायला नऊ वाजतातच.